जोडीचा शब्द

"हेवी," मी म्हणाले आणि थांबले.

पक्षाघाताने यांची वाचा नेली, तेव्हापासून हे खिडकीतल्या धुक्याकडे पाहत जणू परगावी राहत होते.

"आई, बाबांना उगाच कशाला दमवता?" सून पुटपुटली.

"तू दूध तापव."

चाळीस वर्षे यांनी ओसरीवर इंग्रजीची शिकवणी घेतली. हे पहिला शब्द उच्चारीत, मुले एका सुरात त्याच्या जोडीचा शब्द देत. आत भाजी निवडता निवडता माझेही सारे पाठ झाले. यांच्यासमोर कधी कबूल केले नाही.

"हेवी!" मी दरडावले.

"रेन," धुक्यातून आल्यासारखा आवाज आला.

"स्ट्राँग..." माझा स्वर उतरला होता.

"टी." हे हसले.

या घरात आज्ञा माझीच चालते. त्या सकाळी मात्र चहा टाकायला मी मुकाट्याने उठले.