ग्लासातला मळ

दोन सळ्या बुडवलेल्या ग्लासातलं पाणी तपकिरी झालं, वर मळ तरंगायला लागला, तशी घोडबंदर रोडवरच्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

"हे तुमच्या नळाचं पाणी," साठीचा सेल्समन टाय सारखा करत म्हणाला. "आणि हे आमच्या मशीनचं." शेजारच्या ग्लासात त्याने तशाच दोन सळ्या बुडवून बटण दाबलं. पाणी स्वच्छच राहिलं.

"माझी नात हेच नळाचं पाणी पिते," सेक्रेटरी दक्षता हळूच म्हणाली आणि तिने फॉर्म ओढून घेतला. तिच्यामागे आणखी दहाजण उभे राहिले.

"सही करायच्या आधी एक मिनिट." मागच्या खुर्चीवरून स्वप्ना पुढे आली. ए विंगवाल्यांना ती बी विंगमधली वाटली. तिने त्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं आणि पुन्हा बटण दाबलं.

मिनिटभरात तेही पाणी तपकिरी झालं.

"मॅडम, प्लीज, असं करू नका," सेल्समन म्हणाला.

"का? शाळेत शिकवतात हे. विद्युत अपघटनी घट." ती लोकांकडे वळली. "पाण्यात क्षार असले की वीज वाहते. धन टोकाला जोडलेली सळी, म्हणजे धनाग्र, लोखंडाची आहे. विजेच्या जोरावर तिचंच लोखंड पाण्यात उतरतं आणि गंजतं. मशीनच्या पाण्यात क्षारच नव्हते, म्हणून काही झालं नाही. मळ तुमच्या पाण्यात नाही, या सळीत आहे. कळव्याला माझ्या आत्याची अख्खी चाळ एकाने अशीच फसवलेली."

सेल्समनने सळ्या पुसून बॅगेत टाकल्या.

"या वयात लाज नाही वाटत?" फॉर्मच्या रांगेतला सुदेश म्हणाला. कुणी तरी फॉर्म फाडले. वॉचमनने बॅग उचलून गेटबाहेर ठेवली. सेल्समन बॅगेमागे चालत गेला.

दक्षताने स्वप्नाचा हात धरला. "घरच्यांना किती अभिमान वाटत असेल गं तुझा."

"वाटतो," स्वप्ना म्हणाली.

पुढच्या सिग्नलपाशी तिने स्कूटर थांबवली. सेल्समन मागे बसला आणि टाय काढून त्याने खिशात कोंबला.

"मीठ टाकलंस ना, सगळा हॉल गप्प," तो म्हणाला. "एकानेही सही केली नाही. आता खरा ठग आला तरी इथे कुणी फसणार नाही."

"पुढच्या रविवारी डोंबिवली. तिथे सेल्समन मी होईन, बाबा, मीठ तुम्ही टाका. दरवेळी शिव्या तुम्हीच का खायच्या?"