पाचशे श्वास

“लढाई तुमच्या सरकारची, आन् ज्वारी आमची? चोर हाय तुमचं सरकार!” सक्तीच्या सरकारी वसुलीची, लेव्हीची ज्वारी न्यायला आलेल्या साहेबाला गोजरबाईनं अंगणातच सुनावलं. साहेबाला भांडायचं त्राण नव्हतं. सर्दीनं नाक चोंदलेलं, कपाळ ठणकत होतं. म्हणून तर ज्वारी लपवायला निम्म्या उपसलेल्या, जमिनीतल्या पेवाचा आंबूस वास अंगणभर सुटलेला असूनही त्याला पत्ता नव्हता.

गोजरबाईचा आवाज एकदम मऊ झाला. “बसा. ओव्याची वाफ देते. पाचशे श्वास मोजायचे. मधी डोकं भाईर काढलं तर सर्दी मेंदूत जाती.” तिनं त्याच्यावर काळी घोंगडी टाकली आणि नवऱ्याला डोळा घातला. साहेब आकडे मोजत राहिला आणि वस्तीतल्या बायका नवऱ्यानं पेवातून भरून दिलेल्या ज्वारीच्या पाट्या डोक्यावर घेऊन त्याच्या पुढ्यातून जात राहिल्या.

पाचशे झाले. साहेबानं घोंगडी फेकली, छातीभर श्वास घेतला आणि तो वासाच्या मागानं थेट पेवाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. आत दाणा नव्हता.

“बाई, ज्वारी कुठं गेली?”

“मला काय इचारता? मी चुलीपाशी पानी तापवत हुते. अंगणात तर तुमीच बसला हुता. सांगा की साहेब, तुमच्या म्होरनं कोन गेलं?”