पाचवी फेरी

धाकटीला दिसत नाही, म्हणून दोघींच्या मनगटांना एकच दोरी बांधून थोरली अकरा वर्षं तिच्या बाजूने धावली. रोज सकाळी मैदानाच्या पाच फेऱ्या. मोजायचं काम थोरलीचं. पण पुढे गुडघे कुरकुरायला लागले, तशी ती चौथ्या फेरीलाच "झाल्या गं पाच" म्हणायची. स्पर्धेत शेवटच्या फेरीला धाकटीचा दम संपला आणि पदक हुकलं, तेव्हा "नशीब एकेकाचं" म्हणत तिची पाठ थोपटणारीही थोरलीच.

आता धाकटीच्या कमरेला नवा पट्टा आला. जिकडे वळायचं त्या बाजूला तो थरथरायचा आणि प्रत्येक फेरीचा आकडा मोठ्याने बोलायचा. पहिल्या दिवशी थोरली बाकावर बसली. पट्टा "चार" म्हणाला आणि ती बाकावरून अर्धवट उठली. धाकटी थांबली नाही. पाचवी फेरी पुरी करून, थोरलीच्या हाकेच्या रोखाने ती घामाघूम बाकाशी आली.

"पट्ट्यात काहीतरी बिघाड दिसतोय," थोरली घाईघाईने म्हणाली. "एक फेरी जास्त पळवलं तुला."

"पट्टा बरोबर आहे, ताई. तुझ्या पाच म्हणजे चारच, हे मला पावलं मोजून केव्हाच कळलं होतं."

थोरलीला मान वर करवेना. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

धाकटीने कपाळावरचा घाम पुसला. "तुझ्याशी भांडण मला परवडत नव्हतं. आता परवडतं."