चोरून खाल्लेलं

ती बेकरीत केकवर क्रीमची फुलं काढायची. चाळिशीत मधुमेह निघाला, तेव्हापासून तिनं गोडाचा कणही तोंडात टाकला नव्हता. गोळ्या वेळेवर घ्यायची, रोज चालायची. तरी वजन उतरत होतं आणि साखर चढत होती.

"चोरून खातेस," नवरा म्हणायचा. "दिवसभर केकच्या राशीत उभी असतेस आणि बोटसुद्धा चाटत नाहीस, हे कोणाला सांगतेस?" तिची पर्स उघडून बघायचा. शेवटी त्याची खात्री पटावी म्हणून तिनं जीव लावलेली नोकरी सोडली. साखर तरीही वाढली.

"आता कुठे लपवून ठेवतेस?" त्यानं विचारलं.

तीन वर्षांनी नव्या डॉक्टरीणबाईंनी वेगळी रक्ततपासणी करून घेतली. "तुमचा मधुमेह निराळा आहे. इन्सुलिन बनवणाऱ्या स्वतःच्याच पेशींना शरीर शत्रू समजलं आणि हळूहळू मारत गेलं. गोळ्या आणि पथ्यानं हे थांबणारं नव्हतंच. आता इन्सुलिन घ्यावं लागेल. तुमची काही चूक नाही."

नवरा पटकन म्हणाला, "चला, मग नोकरी परत धर की!"

"शरीराला डोळे नसतात, ते चुकलं," ती त्याच्याकडे वळून म्हणाली. "तुम्ही तर सतरा वर्षं मला बघताय."