चारशे गाठी

"जहाज बांधणं हे एकट्या माणसाचं तप असतं!" वाचनालयाच्या प्रदर्शनात निवृत्त हेडक्लार्कांनी जाहीर केलं आणि वाक्याला वजन यावं म्हणून आपल्या हातभर लांबीच्या लाकडी जहाजाच्या डोलकाठीवर बोट ठेवलं. सकाळी लावलेला गोंद अजून ओला होता. बोट चिकटलं, आणि सोडवताना शिडाचा एक दोर गाठींसकट हातात आला.

परीक्षक म्हणजे जुने खलाशी. ते चष्मा सावरत म्हणाले, "लाकूडकाम ठीकठाक आहे हो, पण या गाठी! चारशे तरी असतील. आता तुटलाच आहे दोर, तर एक मारून दाखवा की, साहेब."

साहेबांनी दोरा उलटा केला, सुलटा केला. समोरच्या पाटीवर एकट्या त्यांचंच नाव होतं. बायको गर्दीच्या मागे डब्याची पिशवी सांभाळत उभी होती. शेवटी कानाच्या पाळ्या लाल झालेल्या साहेबांनी, मान खाली घालून, दोरा तिच्यापुढे धरला.

तिने टोमणा मारला नाही. पिशवीतून सुई काढली आणि हळूच म्हणाली,

 

"अहो, या जहाजापायी मला आता सुईचं नेढंच दिसत नाही. तेवढा दोरा ओवून देता?"