ओळखीचा चेहरा

मालकांनी तो अगडबंब कॅमेरा तिच्या गळ्यात अडकवला तशी तिची मान खाली गेली आणि तळव्यांना घाम फुटला. स्टुडिओत कामाला लागून जेमतेम चार दिवस झाले होते. हे धूड हातून निसटलं तर?

"घाबरू नका, ताई," मालक म्हणाले. "आजवर माझ्याशिवाय कोणाच्या हातात दिला नाही, तुम्हाला देतोय. याचा खटका वाजत नाही. फोटो निघाला तरी समोरच्याला पत्ता लागत नाही. आणि एखादा चेहरा यात नोंदवून ठेवला, की कितीही गर्दीत फोकसची पिवळी चौकट आधी त्याच्यावरच जाते."

समोर शाळेच्या पायऱ्यांवर अख्खा वर्ग फोटोसाठी उभा होता. तिने डोळा लावला. चौकट पुढच्या तिन्ही रांगा ओलांडून थेट मागच्या रांगेतल्या दोन वेण्यांच्या चेहऱ्यावर जाऊन बसली. तिने कॅमेरा फिरवला, पुन्हा रोखला. चौकट पुन्हा तिथेच. तिला हसूच आलं. एवढ्या पोरांत याला नेमकी माझीच लेक सापडावी!

मग ते हसू ओठांवरच वाळलं. लेकीचा विषय तिने स्टुडिओत कधी काढलाच नव्हता.

कॅमेऱ्यावरून डोळा न काढता, जमेल तितक्या सहज आवाजात ती म्हणाली, "माझी मुलगी याच वर्गात आहे. पण आज नेमकी आली नाही."

"आलीये की," मागून मालक म्हणाले. "ती काय, शेवटच्या रांगेत."