समावेशनाची खूण

“समितीत आता जागाच नाही हो,” जिल्ह्याच्या युवा धोरणाचा मसुदा लिहिणारे प्राध्यापक युवा केंद्राच्या बाकावर ऐसपैस बसून म्हणाले. केंद्राच्या कार्यकर्त्या शमीमताईंनी ते वाक्य हातांच्या खुणांनी समोर उभ्या असलेल्या कर्णबधिर हर्षलाला सांगितले. आपल्यासारख्या मुलांच्या वतीने समितीवर बसायला मिळावे, एवढेच तिचे मागणे होते.

प्राध्यापकांचे कुतूहल मात्र भलतीकडेच जागे झाले. समावेशनावर त्यांनी कैक ग्रंथ पचवले होते, एक प्रसवलाही होता. पण हा शब्द हातांनी कसा उच्चारत असतील?

“विचारा ना तिला, ‘समावेशन’ला तुमची खूण काय?”

हर्षलाने त्यांना न्याहाळले आणि उभा तळहात हवेत हलकेच बाजूला सरकवला.

“वा! किती अर्थवाही!” त्यांनी हौसेने खूण गिरवली. “म्हणजे नेमके काय? प्रवाह? क्षितिज?”

शमीमताईंनी हसू दाबले. “नाही सर. जरा सरकून बसा, म्हणतेय ती.”

ओशाळून त्यांनी शेजारी पसरलेला मसुदा मांडीवर घेतला. बाकावर दोघींपुरती जागा निघाली. हर्षला बसली, आणि मसुद्यावर बोट ठेवून तिने तीच खूण पुन्हा केली.

या वेळी त्यांनी अर्थ विचारला नाही.